गूगल, फेसबुकसारख्या कंपन्या एवढे लाखो सर्व्हर चालू ठेवतात तरी कसे?

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, इथे कुणी ना कुणी त्या क्षेत्रातलं असेल म्हणून विचारतोय. आमच्या ऑफिसात एक छोटी सर्व्हर रूम आहे, दोन रॅक, एक यूपीएस आणि भिंतीवर एसी. तो एसी बंद पडला की सगळ्यांची पळापळ, आणि एखादी डिस्क गेली की वेंडर येईपर्यंत जीव टांगणीला. आता गूगल, फेसबुक, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे असल्या मशीन लाखोंनी आहेत म्हणजे त्यांच्याकडे रोज काही ना काही बिघडत, बंद पडत असणारच ना, मग आपल्याला ते कधी जाणवत का नाही? त्यांचे सर्व्हर फारच भारी क्वालिटीचे असतात का? आणि या इमारती कुठेतरी आडबाजूला, नदीकाठी नाहीतर थंड प्रदेशात बांधतात असं वाचलंय, ते जमीन स्वस्त म्हणून की आणखी काही कारण? वीज गेली तर काय करतात? व्हिडिओ बरेच पाहिले, पण त्यात निळे दिवे आणि रंगीत पाइप सोडले तर हाती काही लागत नाही. जरा उलगडून सांगा, मी या लाइनचा नाही पण समजून घ्यायची मनापासून इच्छा आहे.

तिसरीपाळी

मी काही वर्षं अशाच एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये हार्डवेअर टेक्निशियन होतो. कंपनीचं नाव घेत नाही, पण काम सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच चालतं.

सर्व्हर भारी असतात का, तर नाही. तुमच्या ऑफिसातला ब्रँडेड सर्व्हर दिसायला त्यांच्यापेक्षा कितीतरी देखणा असेल. गूगलने १९९९ च्या सुमारास जे रॅक बांधले त्यात एकेका ट्रेवर चार मदरबोर्ड उघडेच ठेवलेले होते, खाली शॉर्ट होऊ नये म्हणून कॉर्कचा पातळ थर, डबा नाही की झाकण नाही. फेसबुकने २०११ मध्ये ओपन कॉम्प्युट प्रोजेक्ट काढून आपल्या सर्व्हरची डिझाइन सगळ्यांसाठी खुली केली, त्यातही पुढची शोभेची जाळी नाही, रंग नाही, लोगो नाही, कारण त्या प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात, वजन वाढतं आणि हवा अडते.

बिघडतं तर रोजच. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास छापला होता. पहिल्या वर्षातल्या डिस्कमध्ये वर्षाला १.७ टक्के निकामी होत होत्या आणि तीन वर्षं झालेल्यांत ८ टक्क्यांच्या वर. आता हिशोब करा, एक लाख डिस्क आणि वर्षाला नुसते २ टक्के धरले तरी दोन हजार, म्हणजे दिवसाला पाच-सहा, आणि डिस्क जुन्या असतील तर वीस-बावीस. एवढ्यांदा जीव टांगणीला लावून कसं चालेल? म्हणून भरवसा मशीनवर ठेवायचाच नाही, तो सॉफ्टवेअरवर ठेवायचा, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. गूगलच्या जुन्या फाइल सिस्टिममध्ये फाइलचे ६४ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या रॅकमध्ये. एक गेली तर दोन शिल्लक, आणि तिसरी दुसरीकडे आपोआप तयार होते. तिप्पट जागा महाग पडते म्हणून पुढे गणिती युक्ती आली, डेटाचे दहा तुकडे आणि वर जोडीला चार हिशोबाचे तुकडे, या चौदातले कुठलेही चार गेले तरी मूळ डेटा परत काढता येतो आणि जागा फक्त १.४ पट लागते.

डिस्क बदलायचं काम प्रत्यक्षात कसं असतं ते सांगतो. वाचताना एरर वाढायला लागल्या की ते आधी सॉफ्टवेअरला कळतं, ते त्या डिस्कवर नवीन काही ठेवणं बंद करतं, तिच्यावर जे होतं त्याच्या प्रती दुसरीकडे करून घेतं आणि मग टिकीट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, काढतं. माझ्या स्क्रीनवर येतं फक्त हॉल, ओळ, रॅक, रॅकमधली जागा आणि स्लॉट. मी ट्रॉली घेऊन जातो. त्या मशीनचा दिवा लुकलुकत असतो, कारण शेकडो एकसारख्या मशीनमध्ये चुकीची ओढली तर पंचाईत. खटका दाबून ट्रे बाहेर काढायचा, जुन्या डिस्कचा बारकोड स्कॅन, नवीनचा स्कॅन, आत ढकलली की क्लिक असा आवाज येईपर्यंत दाबायचं. जुनी डिस्क तिथल्या तिथे कुलूपबंद पेटीत, खिशात किंवा टेबलावर एक मिनिटसुद्धा नाही. पुढची चाचणी मशीन स्वतःच करतं आणि पास झालं की कामाला लागतं. त्या डिस्कवर कुणाचे फोटो होते की मेल होते हे मला कधीच कळलं नाही. आणि टिकीट कधीकधी दोन दिवस जुनं असायचं तरी कुणाची काही तक्रार नसायची. फेसबुकने २०१३ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे एक टेक्निशियन कमीत कमी वीस हजार सर्व्हर सांभाळतो. तुमच्या ऑफिसात ज्याला इमर्जन्सी म्हणतात ते तिथे रोजचं यादीतलं काम असतं, आणि मला विचाराल तर या कंपन्यांचं खरं कसब यातच आहे.

उत्तररात्र

एक छोटी भर घालतो. सगळ्या इमारती स्वतःच्या असतात असं नाही. या कंपन्या भरपूर जागा भाड्यानेही घेतात, इक्विनिक्स किंवा डिजिटल रिॲल्टी यांच्यासारख्यांकडून. इमारत, वीज, कुलिंग मालकाचं आणि आतले सर्व्हर आपले. नवीन शहरात झटपट सुरुवात करायची असेल किंवा दुसऱ्या नेटवर्कशी जोडणी हवी असेल तर हाच मार्ग बरा पडतो. नेटफ्लिक्स तर व्हिडिओ साठवलेले आपले बॉक्स थेट इंटरनेट कंपन्यांकडेच नेऊन बसवतं, म्हणजे सिनेमा लांबून यायला नको.

मेगावॅट

विजेबद्दल मी लिहितो, माझं पोट त्याच्यावरच चालतं.

या धंद्यात इमारत किती चौरस फुटांची हे कुणी विचारत नाही, किती मेगावॅटची हे विचारतात. जागा शोधताना पहिला प्रश्न असतो की इथे वीज किती मिळेल, कधी मिळेल आणि किती वर्षं त्याच दराने मिळेल. इमारत दीड-दोन वर्षांत उभी राहते हो, पण ग्रिडची जोडणी आणि मोठे ट्रान्सफॉर्मर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. नदीकाठाचं कोडं इथेच निम्मं सुटतं. गूगलने २००६ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात द डॅलेस नावाच्या गावी कोलंबिया नदीजवळ सेंटर सुरू केलं, त्यामागे धरणांची स्वस्त वीज, जवळून जाणारं इंटरनेटचं फायबर आणि करातली सवलत ही मुख्य कारणं होती. फेसबुकचं स्वीडनमधलं लुलेओचं सेंटर २०१३ मध्ये सुरू झालं, तिथेही जलविद्युत आणि वरून थंड हवा.

वीज आत कशी येते तर उच्च दाबाने स्वतःच्या सबस्टेशनमध्ये, तिथून दाब उतरवत ट्रान्सफॉर्मर, मग यूपीएस, मग रॅक, मग सर्व्हरचा पॉवर सप्लाय, आणि शेवटी चिपला लागतो साधारण एक व्होल्ट. प्रत्येक पायरीला थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. शंभर मेगावॅटच्या ठिकाणी एक टक्का म्हणजे एक मेगावॅट, वर्षभर, चोवीस तास! म्हणून यांनी पायऱ्याच काढून टाकल्या. गूगलने २००९ मध्ये दाखवलं की त्यांच्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःची छोटी १२ व्होल्टची बॅटरी आहे, म्हणजे खोलीभर मोठा यूपीएसच नको. पुढे रॅकमध्ये १२ ऐवजी ४८ व्होल्ट आणले. दाब चौपट केला की तेवढ्याच कामाला करंट एक चतुर्थांश लागतो, आणि तारेतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो-घटतो, त्यामुळे तो सोळावा हिस्सा उरतो. शाळेतलंच गणित आहे, पण कोट्यवधी रुपयांचं.

किती वाया जातं ते मोजायला २००७ पासून पीयूई नावाचं माप वापरतात. पूर्ण सेंटरने खाल्लेली वीज भागिले त्यातली सर्व्हरनी खाल्लेली वीज. १ म्हणजे आदर्श. गूगलची सरासरी १.१ च्या आसपास आहे, म्हणजे सर्व्हरला शंभर युनिट गेले तर बाकी सगळ्याला मिळून दहा. जगातल्या एकूण सेंटरची सरासरी मात्र अजून १.५ च्या वरच आहे.

आता वीज गेली तर काय. बॅटरीचं काम फक्त काही मिनिटं तग धरायचं, खरा आधार डिझेल जनरेटरचा. ते दहा-पंधरा सेकंदांत सुरू होऊन लोड घेतात. हे सगळं खरंच चालतं की नाही ते बघायला मुद्दाम वीज तोडून चाचणी करतात आणि ती एकदा तरी अनुभवावी अशी असते. मुख्य ब्रेकर उघडला की आधी चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रांची, घरघर थांबते. सर्व्हरचे पंखे मात्र तसेच फिरत असतात, कारण ते बॅटरीवर गेलेत. सगळे जण घड्याळाकडे आणि मीटरकडे बघत उभे. मग बाहेरून एकामागून एक इंजिन पेटल्याचा आवाज येतो, ते एकमेकांशी ताल जुळवतात, ब्रेकर धाडकन बंद होतात आणि लोड चढतो. तेवढ्यात संपत नाही, कारण चिलर पुन्हा पूर्ण जोराने चालायला काही मिनिटं घेतात आणि सर्व्हर तर तोवर गरम होतच असतात. त्यासाठी गार पाण्याच्या मोठ्या टाक्या भरून ठेवलेल्या असतात आणि पाणी फिरवणारे पंपही बॅटरीवर घेतलेले असतात. तुमचा एसी बंद पडल्यावर जी पळापळ होते ना, तिच्यावरचा उपाय म्हणजे ही टाकी.

निळीशाई

वा, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार. म्हणजे जागा निवडताना वीज पहिली. मग थंड हवेचं काय? आणि पाणी नक्की कुठे लागतं, सर्व्हरवर तर ओतत नाहीत ना?

मृदगंध

कुलिंगचं मी सांगते. सर्व्हर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, त्यामुळे पन्नास मेगावॅट आत घेतले तर पन्नास मेगावॅट उष्णता बाहेर टाकावीच लागते, त्यातून सुटका नाही.

सगळ्यात पहिली सुधारणा अगदी साधी आहे. रॅक समोरासमोर लावून एक गल्ली गार आणि एक गरम ठेवायची, आणि गरम गल्ली पत्र्याने नाहीतर जाड प्लास्टिकने बंद करून टाकायची म्हणजे दोन्ही हवा मिसळत नाहीत. दुसरं, खोली थंडगार ठेवायची सवय सोडून दिली. १८ ते २७ अंश तापमान सर्व्हरला चालतं असं मान्य झालेलं आहे आणि मोठ्या कंपन्या त्याच्या वरच्या टोकाला चालवतात. तिथे स्वेटर घालून फिरावं लागत नाही, आणि गरम गल्लीत तर घामच फुटतो. तिसरं म्हणजे पंखे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वीज आठपट लागते, म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणं केव्हाही स्वस्त. फेसबुकने याच कारणाने आपला सर्व्हर नेहमीपेक्षा दीडपट उंच केला, की मोठे पंखे बसावेत.

पाणी लागतं ते बाष्पीभवनाला. ओरेगॉनमधल्या प्राइनव्हिलला फेसबुकचं २०११ चं सेंटर आहे, तिथे चिलर जवळजवळ नाहीतच, बाहेरची कोरडी हवा आत ओढायची, तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि ती गार झालेली हवा सर्व्हरवर सोडायची. वीज कमालीची वाचते. पण पहिल्याच उन्हाळ्यात तिथे एक प्रसंग घडला. इमारतीच्या कंट्रोल सिस्टिममध्ये गडबड झाली आणि गरम गल्लीतली कोरडी हवा बाहेर जायच्या ऐवजी परत परत फवाऱ्यातून फिरायला लागली, आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली आणि इमारतीच्या आत चक्क ढग तयार होऊन सर्व्हरवर पाणी ठिबकलं, बरेच पॉवर सप्लाय गेले. फेसबुकने नंतर ते स्वतःच सांगितलं आणि पॉवर सप्लायभोवती सील बसवले. मला याचं फार महत्त्व वाटतं, कारण त्यांनी लपवलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी तीच ठेच खाल्ली असती.

हामिनाचं उदाहरण तर मला सगळ्यात आवडतं. फिनलंडमध्ये समुद्राकाठी बंद पडलेली एक जुनी कागद गिरणी होती, गूगलने २००९ मध्ये ती विकत घेतली आणि गिरणीसाठी आधीच खोदलेल्या बोगद्यातून समुद्राचं गार पाणी आणून त्यावर सेंटर थंड ठेवलं. समुद्राचं खारं पाणी सर्व्हरपर्यंत जातच नाही, ते फक्त मधल्या उपकरणात आतल्या पाण्याची उष्णता घेतं, आणि परत सोडताना तेही आधी थोडं गार करून सोडतात.

पण समुद्र सगळीकडे नसतो. नुसत्या बाष्पीभवनाने एक मेगावॅट उष्णता घालवायची तर तासाला साधारण दीड हजार लिटर पाणी हवेत जातं. हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही कंपनीला यात सूट नाही. पाणी वाचवायचं तर चिलर चालवा आणि वीज जास्त जाळा, वीज वाचवायची तर पाणी उडवा. म्हणून नुसता पीयूई बघून कुणी पाठ थोपटून घेत असेल तर पाण्याचा आकडाही विचारावा.

वाटाड्या

मृदगंध, तुमच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, आणि मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की विचारून सुद्धा आकडा मिळत नव्हता. वर ज्या द डॅलेसचं नाव आलं, तिथे ओरेगॉनियन वर्तमानपत्राने गूगल गावचं पाणी किती वापरतं ते विचारलं तर ते व्यापारी गुपित आहे म्हणून गावच्या प्रशासनाने वर्तमानपत्रालाच कोर्टात खेचलं! वर्षभर भांडण चाललं आणि २०२२ च्या शेवटी आकडा बाहेर आला, गावात वापरल्या जाणाऱ्या एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. त्याच सुमारास गूगल आपल्या ठिकाणांचा पाणीवापर छापायला लागलं, ते चांगलंच झालं, पण ते लोकांनी नेट लावल्यावर झालं हे विसरू नका.

विजेचंही तसंच. आयर्लंडमध्ये २०१५ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरला जात होती, २०२३ मध्ये ती २१ टक्के झाली, म्हणजे तिथल्या शहरांतल्या सगळ्या घरांना मिळून जेवढी लागते त्याहून जास्त. सिंगापूरने २०१९ पासून काही वर्षं नवीन सेंटरना परवानगीच थांबवली होती. पूर्ण जगाचा आकडा तसा छोटा वाटतो, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट, एकूण विजेच्या दीड टक्का. पण ही सेंटर जगभर सारखी पसरलेली नसतात, ती एकाच पट्ट्यात गर्दी करतात, आणि त्या पट्ट्यातल्या माणसाला जगाची सरासरी सांगून काय उपयोग? नोकऱ्याही बांधकाम चालू असेपर्यंत भरपूर, नंतर एवढ्या अवाढव्य इमारतीत माणसं मोजकीच. तिसरीपाळींनी वर सांगितलेलाच आकडा घ्या, वीस हजार सर्व्हरला एक माणूस. कंपनीला तो अभिमानाचा वाटतो, गावाने मात्र करसवलत देण्याआधी तो नीट वाचावा.

पॅकेट_पाठोपाठ

गर्दी का करतात त्याला तांत्रिक कारण आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. दोन इमारतींत एकाच वेळी डेटा लिहून तो पक्का झाल्याशिवाय ग्राहकाला हो म्हणायचं नसेल, तर त्या इमारती एकमेकींपासून फार लांब ठेवता येत नाहीत. आणि फार जवळही नकोत, नाहीतर एकाच पुरात किंवा एकाच सबस्टेशनच्या बिघाडात दोन्ही जातील. ॲमेझॉन याला झोन म्हणतं आणि एका रीजनमधले (म्हणजे एका भागातल्या सेंटरच्या गटातले) झोन शंभर किलोमीटरच्या आत ठेवतं. उत्तर व्हर्जिनियात एवढी सेंटर एकवटलीत त्याच्यामागे हे एक कारण आहे, आणि मुळात तिथे इंटरनेटच्या जोडण्या जुन्या काळापासून होत्या. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते मार्च २०२१ मध्ये दिसलं, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या आवारात आग लागली आणि एक आख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या गावी होता ते सावरले, ज्यांचा त्याच आवारात होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा डेटा कायमचा गेला.

तिसरीपाळींच्या मुद्द्याला मी एक पुस्ती जोडतो. डिस्क गेली, सर्व्हर गेला, आख्खा रॅक गेला तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही हे खरंय. पण सेवा मोठ्या प्रमाणात बंद पडणं आता होतं ते हार्डवेअरमुळे कमी आणि सगळीकडे एकदम पोचणाऱ्या एखाद्या कमांडमुळे जास्त. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवण्याच्या सेवेत थोडे सर्व्हर काढायची कमांड देताना चुकीचा आकडा टाइप झाला, हवे होते त्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर निघाले, आणि जी यंत्रणा कित्येक वर्षांत पूर्ण रीस्टार्ट केलेली नव्हती ती उठायला तासन्‌तास लागले. सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं त्यांचं पानसुद्धा एस-थ्रीवरच अवलंबून, त्यामुळे ते आधी सगळं हिरवंच दाखवत राहिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकचं तसंच झालं. देखभालीच्या एका कमांडने सगळ्या सेंटरना जोडणारं त्यांचं मुख्य नेटवर्क तुटलं, अशा कमांड अडवणाऱ्या टूलमध्येच बग होता, मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) स्वतःला इंटरनेटवरून काढून घेतलं आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम साधारण सहा तास गायब. लांबून लॉगिन होईना, माणसं प्रत्यक्ष सेंटरवर पाठवली तर तिथली सुरक्षा एवढी कडक की आत जाऊन मशीनला हात लावायलाच वेळ गेला. तीन प्रती ठेवून मशीनच्या बिघाडापासून वाचता येतं, पण तिन्ही प्रतींना एकाच वेळी चुकीचा हुकूम गेला तर काय? म्हणून हल्ली बदल आधी थोड्या मशीनवर, मग एका झोनमध्ये, थांबून, बघून, मग पुढे असा सोडतात.

मेगावॅट

त्या ऑक्टोबरच्या प्रसंगातली विजेची बाजू फार थोड्या लोकांच्या लक्षात आली. ट्रॅफिक शून्य झाल्यावर फेसबुकच्या एकेका सेंटरची विजेची मागणी काही दहा मेगावॅटनी खाली आली होती. सगळं एकदम परत चालू केलं असतं तर तेवढा लोड क्षणात चढला असता, आणि विजेच्या यंत्रणेपासून कॅशपर्यंत (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारी यंत्रणा) सगळंच धोक्यात आलं असतं. म्हणून त्यांनी सेवा हळूहळू सुरू केल्या. ते त्यांना जमलं कारण आख्खं सेंटर किंवा आख्खा रीजन मुद्दाम बंद करून परत आणायचे सराव ते आधीपासून करत होते.

तिसरीपाळी

पॅकेट, तुमचं पटलं. पण बिघाड झाला तरी चालतो हे जे मी वर लिहिलं ते एआयच्या सेंटरना तसंच्या तसं लागू होत नाही, ते सांगायचं राहिलं.

सर्च किंवा फोटो दाखवणं हे लाखो सुट्या सुट्या कामांचं बनलेलं असतं, एक मशीन गेली तर तिचं काम दुसरी करते. एआय मॉडेल शिकवताना मात्र हजारो जीपीयू, म्हणजे एकाच वेळी ढीगभर गणितं करणाऱ्या चिप, एकच काम पावलाला पाऊल लावून करतात, एक थांबला की सगळे थांबतात. मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीने, आपल्या लामा ३ मॉडेलबद्दल आकडे छापलेत. १६ हजारांहून जास्त जीपीयूंवर ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अनपेक्षितपणे थांबलं, म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एकदा, आणि बहुतेक वेळा कारण हार्डवेअरचं, त्यातही जीपीयू आणि त्याची मेमरी सगळ्यात पुढे. उपाय काय, तर दर थोड्या वेळाने आतापर्यंतचं सगळं साठवून ठेवायचं आणि थांबलं की तिथून पुढे सुरू करायचं. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, दुपारी हवा तापली की कामाचा वेग एक-दोन टक्क्यांनी बदलायचा. बाहेरचं ऊन आतल्या गणिताच्या वेगावर दिसतं, हे वाचून मी थक्क झालो होतो.

आणि उष्णतेचं म्हणाल तर पूर्वी एका रॅकला पाच-दहा किलोवॅट पुरायचे, आता जीपीयू बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ७२ जीपीयूंच्या एका रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागतात. एवढी उष्णता हवेने काढणं शक्यच नाही. त्यामुळे मृदगंध ताईंनी सांगितलेल्या पंख्यांच्या जोडीला आता चिपला चिकटलेल्या धातूच्या प्लेटमधून द्रव फिरवतात, कारण तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेपेक्षा तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. टेक्निशियनच्या ट्रॉलीवर आता स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी गळती तपासायचं सामानही असतं, आणि जो पोरगा काल नुसती डिस्क बदलत होता त्याला आज पाइपचे जोड कसे सोडवायचे ते शिकावं लागतंय.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार, सावकाश परत वाचणार आहे. एक शेवटचं विचारतो. त्या कुलूपबंद पेटीतल्या जुन्या डिस्कचं पुढे काय होतं? आणि सर्व्हर किती वर्षं वापरतात?

तिसरीपाळी

डिस्कवरचा डेटा मुळात एन्क्रिप्ट केलेलाच असतो, त्यामुळे नुसती डिस्क कुणाच्या हाती लागली तरी किल्लीशिवाय त्याला काही वाचता येत नाही. तरी चालू स्थितीतली असेल तर ती पूर्ण पुसतात, पुसली गेली याची दुसऱ्यांदा तपासणी करतात आणि मग ती परत वापरतात किंवा विकतात. पुसताच येत नसेल तर आधी यंत्राने मधोमध दाबून वाकवतात आणि मग श्रेडरमध्ये टाकून तुकडे करतात. प्रत्येक डिस्कचा बारकोड पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत नोंदलेला असतो, एक जरी कमी भरली तरी शोधाशोध होते.

वर्षांचं म्हणाल तर पूर्वी तीन-चार वर्षं धरायचे, मग मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलने २०२३ मध्ये आपल्या हिशोबात सर्व्हरचं आयुष्य सहा वर्षं केलं. ॲमेझॉनही सहावर गेलं होतं, पण २०२५ पासून त्यांनी काही सर्व्हरसाठी ते परत पाचवर आणलं आणि एआयमुळे तंत्र फार झपाट्याने बदलतंय असं कारण दिलं. काढलेल्या सर्व्हरमधली मेमरी, कार्ड, पॉवर सप्लाय जे चांगलं असेल ते सुटे भाग म्हणून ठेवतात. माझ्या वेळी बदलायला दिलेले कितीतरी भाग असे जुन्या मशीनमधूनच काढलेले असायचे आणि ते नव्यासारखेच चालायचे.